अनिश की अनीश, विहान की विवान? सारख्या उच्चाराच्या नावांतून मुलाचे नाव निवडताना

मराठी घरातील बारशात बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हाती देताना बायका दोन नावे घेतात, गोविंद आणि गोपाळ. दोन्ही 'गो'ने सुरू होणारी, दोन्ही तीन अक्षरी आणि दोन्ही एकाच कृष्णाची. ऐकायला इतकी जवळची असूनही त्यांची गल्लत कोणी करीत नाही, कारण दोहोंचे अर्थ आणि लेखन पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यानंतर आत्या बाळाच्या कानात जे खरे नाव सांगते, त्याबाबत मात्र हल्ली ही खात्री उरलेली नाही. नाव विहान आहे की विवान, अनिश आहे की अनीश, हे पेढा हाती घेतलेल्या पाहुण्यांना पुन्हा विचारावे लागते. पुष्कळदा आईवडिलांनीही त्या दोहोंतून एक निवडलेले असते ते 'हे जरा जास्त गोड वाटते' एवढ्याच आधारावर.

गोडवा हा नावाचा गुण आहेच. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोन नावे कानाला जितकी जवळची, तितकी कानावर भिस्त ठेवणे धोक्याचे. अशा जोड्यांत एका नावाचा अर्थ सुंदर, तर दुसऱ्याचा नेमका उलटा, किंवा दुसऱ्याला अर्थच नाही, असे वारंवार आढळते. म्हणून अशा वेळी प्रथम मूळ शब्द पाहावा, मग देवनागरी लेखन, मग रोमन लेखन, आणि या तिन्हींतून जे नाव निभावून निघेल त्यालाच शेवटी कानाची पसंती विचारावी. नामकरणाला व्याकरण लागते, हा विचार काही नवा नाही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे याची जी प्रयोजने सांगितली आहेत, त्यांत नवजात पुत्राचे नाव नीट ठेवता यावे हेही एक आहे. गृह्यसूत्रांनी तर मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभीचे अक्षर घोष असावे, असे बारकावेही घालून दिले. ते आज कोणी पाळत नाही आणि पाळण्याचे कारणही नाही. त्या मोजपट्टीला आपले गोविंद आणि गोपाळही उतरत नाहीत.

वृत्तपत्राच्या टेबलावर हा प्रश्न दरवर्षी ठरावीक दिवशी उभा राहतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळांकडून गुणवंतांच्या याद्या येतात, त्या बहुधा रोमन लिपीत. ए, एन, आय, एस, एच एवढी अक्षरे समोर असतात आणि त्यांवरून मराठीत अनिश छापावे की अनीश, हे अर्ध्या तासात ठरवायचे असते. शिक्षकांना विचारावे तर त्यांच्या पटावरही नाव रोमनमध्येच. मग घरी दूरध्वनी करावा लागतो. एकदा एका वडिलांनी 'कसेही लिहा हो, एकच ते' असे सांगितले, तोच मागून आईचा आवाज आला, "दीर्घ लिहायला सांगा, ईश्वरातला ई." त्या माउलीने नाव ठेवताना विचार केला होता. उद्या मुलाचे नाव पहिल्यांदा छापून येणार, ते तिला ठेवले तसेच हवे होते.

कान कुठे फसतो

मराठी उच्चाराची एक लकब आहे. शब्दाच्या अखेरीस व्यंजन ऐकू येत असेल, तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार आपण लांबवून उच्चारतो. त्यामुळे अनिल आणि सुनील या दोन्ही नावांतला शेवट आपल्या तोंडी अगदी एकसारखा येतो. लेखनात मात्र अनिल ऱ्हस्व आणि सुनील दीर्घ. कारण अनिल म्हणजे वारा. निळ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. सुनीलमध्ये 'नील' हा शब्दच आहे. अनिल कुंबळे आणि सुनील गावसकर ही नावे एकापाठोपाठ उच्चारून पाहावीत, फरक ऐकू येणार नाही. तो पाहावाच लागतो.

तत्सम शब्दांतील शेवटून दुसरा इकार-उकार संस्कृतात असेल तसाच मराठीत ठेवावा, हा लेखननियम या लकबीमुळेच महत्त्वाचा ठरतो. अजित, अमित, रोहित, ललित, अरुण, वरुण ही ऱ्हस्व. विनीत, प्रणीत, संदीप, मयूर ही दीर्घ. वरूण, अजीत, संदिप, मयुर ही रूपे शुभेच्छाफलकांवर रोज दिसतात, पण ती चुकीचीच. 'रु' आणि 'रू' यांच्या आकारांतला फरक बारीक असल्याने रुद्र या नावाचे तर फारच हाल होतात. रुद्र ऱ्हस्व, रूपेश दीर्घ. नावाच्या शेवटी येणारा इकार मात्र मराठीत दीर्घ लिहायचा, मग मूळ शब्द संस्कृतात ऱ्हस्व का असेना: रवी, हरी. तोच शब्द समासात आधी आला की पुन्हा ऱ्हस्व होतो, रविकिरण, हरिश्चंद्र.

गोव्याला याचे घरचेच उदाहरण आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर, ज्यांच्या नावाने पणजीच्या कला अकादमीतील नाट्यगृह ओळखले जाते, त्यांच्या नावातला 'दी' दीर्घ आहे. दीन म्हणजे दुबळा, गरजू. दीनानाथ म्हणजे अशांचा वाली. दिन म्हणजे दिवस. त्यावरून दिनेश, दिनकर, दिनमणी ही सूर्याची नावे झाली आणि ती सारी ऱ्हस्व. दिनानाथ असे लिहिले की गरिबांचा वाली एका वेलांटीसरशी सूर्याच्या घरी जातो. रोमन लिपीला दोन्ही सारखेच.

अनिश, अनीश आणि अनीस

वर उल्लेख आलेल्या जोडीत खरे तर तीन नावे आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी अस्सल आहेत, म्हणून ती जरा सविस्तर पाहण्यासारखी.

अनिश म्हणजे निशा नसलेला. रात्रीचा खंड पडत नाही तो, अर्थात अखंड, सतत. संस्कृतात 'अनिशम्' हे क्रियाविशेषण 'निरंतर' या अर्थाने रूढ आहे. अनीश हा शब्द ईश या शब्दावरून येतो. ज्याच्यावर कोणी ईश नाही, धनी नाही, तो सर्वश्रेष्ठ. विष्णूचे नाव म्हणूनही कोशांत त्याची नोंद आहे. पण याच शब्दाची दुसरी बाजूही ठाऊक असावी: जो स्वतः ईश नाही, ज्याच्या हाती सत्ता नाही, असा असमर्थ. श्वेताश्वतर उपनिषदात बंधनात सापडलेल्या जीवासाठी अनीश हा शब्द याच दुसऱ्या अर्थाने आला आहे. नाव ठेवताना पहिला अर्थ मनात धरला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र मुलगा मोठा होऊन संस्कृत शिकला आणि त्याने विचारले, तर उत्तर तयार असलेले बरे. तिसरे अनीस. ते अरबीतून आलेले, अर्थ सोबती, मित्र. उर्दूतील थोर मर्सियाकार मीर अनीस यांच्यामुळे ते साहित्यरसिकांना परिचित आहे.

तिघांत थोरले-धाकटे काही नाही. तरीही माझे मत विचाराल तर अनिश हे अधिक निर्धोक, कारण त्याच्या अर्थाला दुसरी धार नाही. अडचण एवढीच की लोक ते हमखास दीर्घ लिहितील आणि प्रत्येक वेळी दुरुस्त करावे लागेल.

कोंबड्याची बांग आणि शांततेचा अर्थ

सध्या लोकप्रिय असलेल्या आरव या नावाचा अर्थ नावांच्या असंख्य याद्यांत 'शांत' असा दिलेला असतो. तो कोठून आला हे कळणे कठीण, कारण मूळ शब्द नेमका उलट सांगतो. रव म्हणजे आवाज. कलरव, पक्ष्यांचा किलबिलाट, हा शब्द आपण जाणतो. आरव म्हणजे मोठा आवाज, आरोळी. मराठी माणसाला तर संस्कृत कोश उघडण्याचीही गरज नाही. कोंबडा आरवतो, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. शांत या अर्थाचे नाव हवे असेल, तर ते नीरव. रव निघून गेलेला. कानाला जवळची ही दोन नावे अर्थाने एकमेकांच्या समोर उभी आहेत. आरव नाव ठेवू नये असा याचा अर्थ नव्हे. नाद, हाक, पहाटेची बांग असा त्याचा अर्थ आनंदाने सांगता येतो, आणि तान्ह्या बाळाला तो चपखल लागूही पडतो. फक्त शांततेच्या आशेने ते ठेवू नये.

विहान आणि विवान या जोडीत प्रकार निराळा. विहान म्हणजे पहाट. संस्कृत कोशात तो अर्थ आहे आणि बिहारपासून नेपाळपर्यंतच्या बोलींत सकाळेला आजही बिहान म्हणतात. जिवंत, वापरातला शब्द आहे. विवान या नावाला 'सूर्याचा किरण' असा अर्थ याद्यांतून चिकटवला जातो. सूर्यवाचक शब्द विवस्वान् हा आहे. विवान हे त्याचे घरगुती आखूड रूप आहे असे म्हणून ते ठेवायचे असेल तर ठेवावे, हौसेला मोल नाही. पण शब्द म्हणून विहानचा पाया पक्का आहे आणि विवानचा नाही.

अनय या नावाबाबत मात्र स्पष्टच सांगायला हवे. तनय म्हणजे पुत्र, विनय म्हणजे नम्रता, अनन्य म्हणजे ज्याच्यासारखा दुसरा नाही. या नावांच्या रांगेत अनय सहज मिसळून जाते. पण नय म्हणजे नीती, न्याय, आणि अनय म्हणजे त्याचा अभाव, दुर्वर्तन, अन्याय. 'अ' हा उपसर्ग कधी शोभा वाढवतो, अमेय (मोजता न येणारा), अमोघ (वाया न जाणारा), अनघ (निष्पाप), आणि कधी चांगल्या शब्दाची माती करतो. सुधीर, रणधीर चालतील, अधीर म्हणजे उतावळा. तेव्हा 'अ'ने सुरू होणारे नाव आवडले की 'अ' काढून उरलेल्या शब्दाचा अर्थ आधी पाहावा.

विराज आणि विरज ही जोडीही याच धर्तीची, परंतु तीत दोन्हीकडे मंगलच आहे. विराज म्हणजे शोभणारा, विरज म्हणजे धुळीपासून, म्हणजेच विकारांपासून मुक्त. येथे खुशाल कानाला विचारावे.

'अंश' कशाचा?

देवांश, शिवांश, रुद्रांश, वेदांश, दिव्यांश, रेयांश, श्रेयांश. एका वर्गात यांतले तिघे-चौघे सहज सापडतील अशी आजची स्थिती आहे. यांतून निवड करण्याची कसोटी सोपी आहे. 'अंश' बाजूला काढावा आणि काय उरते ते पाहावे. देव उरला, शिव उरला, रुद्र उरला, तर नाव सार्थ. रेयांशमधून अंश काढला की 'रेय' उरते आणि तेथे अर्थ संपतो. कोशात त्याला जागा नाही. कोणत्याही यादीत त्याचा अर्थ 'विष्णूचा अंश' असा दिला असला तरी नाही. (या याद्यांत अर्थ न सापडणारी बहुतेक नावे विष्णूच्या किंवा सूर्याच्या खात्यावर टाकलेली असतात.)

श्रेयांशची कहाणी अधिक रंजक आहे. मूळ नाव श्रेयांस, शेवटी स. श्रेयस् म्हणजे अधिक चांगले, कल्याणकारक. त्याच शब्दाच्या रूपापासून श्रेयांस आले. जैन परंपरेतील अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. शेजारच्या बेळगाव परिसरात जैन समाजाची वस्ती मोठी असल्याने हे नाव त्या बाजूला जुने व ओळखीचे आहे. त्यात अंश नाहीच. पुढे 'अंश'ची लाट आली आणि श्रेयांसचा श्रेयांश झाला. श्रेयस् आणि अंश यांचा संधी करायचा म्हटला, तर संस्कृताच्या नियमाने श्रेयांश असे रूप होत नाही. त्यामुळे अर्थ आणि परंपरा दोन्ही हवी असतील तर श्रेयांस किंवा सरळ श्रेयस. आणि 'अंश'च हवा असेल तर अंश लावायला देव, शिव आहेतच.

स आणि श यांच्या गफलतीवर संस्कृतात एक जुने सुभाषित आहे. त्यात बाप मुलाला सांगतो की, फार नाही शिकलास तरी व्याकरण तेवढे शीक, नाही तर स्वजनांचे श्वजन होतील. स्वजन म्हणजे आप्त, श्वजन म्हणजे कुत्री. नावांतही असे घडते. सर्वेश म्हणजे सर्वांचा ईश. शर्व हे शिवाचे नाव असल्याने शर्वेश हेही सार्थ होते, पण ते निराळे नाव आहे, सर्वेशचे 'शुद्ध' रूप नव्हे.

हृषीकेश आणि ऋत्विक

मराठी भाषकांइतकी या नावाची रूपे दुसऱ्या कोणी केली नसतील. हृषीक म्हणजे इंद्रिय. हृषीकांचा ईश तो हृषीकेश, इंद्रियांचा स्वामी, कृष्णाचे नाव. फोड हृषीक आणि ईश अशी, म्हणून 'षी' दीर्घ. बोलण्यात आरंभीचा ह झडतो आणि ऋषिकेश उरते. ऋषिकेश हे गंगाकाठच्या क्षेत्राचे नाव म्हणून सर्वमान्य आहे; व्यक्तिनाम म्हणून त्याची फोड ऋषि आणि केश अशी पडते आणि हाती येतात ते ऋषींचे केस. नाव म्हणून ते आता इतके रूढ झाले आहे की मोठ्यांना कोणी बदलायला सांगू नये. नव्याने ठेवणाऱ्याने मात्र हृषीकेश लिहावे.

ऋत्विक म्हणजे यज्ञातील पुरोहित, हा जुना, पक्का शब्द. ऋतिक आणि हृतिक ही रूपे चित्रपटसृष्टीने घरोघरी नेली. त्यांना ऋत्विकचा अर्थ देणे हा निव्वळ उदारपणा आहे. ऋ या अक्षराची आणखी एक अडचण रोमनमध्ये येते. मराठीत त्याचा उच्चार 'रु'कडे झुकतो, हिंदीत 'रि'कडे. त्यामुळे एकाच हृषीकेशची रोमन रूपे आर-यू आणि आर-आय अशी दोन्ही होतात. कोणते घ्यायचे ते घरात एकदाच ठरवावे.

दोन परंपरांतली नावे

काही जोड्यांत दोन्ही नावे सार्थ असतात, पण दोन वेगळ्या भाषांतून आलेली असतात. अयन म्हणजे मार्ग, गती. उत्तरायण-दक्षिणायनातला तो शब्द. अयान हे अरबी-फारसी वळणाचे, अर्थ उघड, प्रकट. समर म्हणजे युद्ध. समीर म्हणजे वाऱ्याची झुळूक, आणि अरबीत त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ रात्री गप्पा मारणारा सोबती असा आहे. म्हणूनच ते नाव हिंदू व मुसलमान दोन्ही घरांत रुळले. यात वर्ज्य काहीच नाही. मात्र आपण ठेवतो ते नाव कोणत्या भाषेतले, हे आपल्याला माहीत असावे, आजोबांनी विचारण्यापूर्वी.

रोमन लिपीची कात्री

गोव्यात जन्मलेल्या मुलाचे नाव देवनागरीत जितके लिहिले जाईल, त्याहून अधिक वेळा ते रोमन लिपीत लिहिले जाणार आहे. तेव्हा दोन नावांपैकी एक निवडताना ती दोन्ही कागदावर रोमनमध्ये लिहून अनोळखी माणसाला वाचायला द्यावीत. आर्य आणि आर्या, श्रेय आणि श्रेया, दिव्य आणि दिव्या या जोड्या रोमनमध्ये एकसारख्याच लिहिल्या जातात. मुलगा की मुलगी हा प्रश्न शाळेत दरवर्षी नव्या शिक्षकांना पडेल. त, ट, द, ड, न, ण यांचेही तेच. आरंभीच्या 'आ'साठी दोन ए लिहायचे की एक, हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु जे ठरेल ते पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत तेच राहावे. अंकशास्त्राच्या सल्ल्याने मध्येच एखादे अक्षर वाढवणे किती महाग पडते, हे पारपत्राच्या रांगेत उभे राहिलेल्यांना विचारावे.

गोमंतकीय घरांना हा अनुभव नवा नाही. पोर्तुगीज काळातील नोंदींत 'श'साठी एक्स हे अक्षर वापरले जाई. शंकर, शांताराम, शेणवी हे सारे त्या कागदांत एक्सच्या आश्रयाला गेलेले दिसतात. मुक्तीनंतर तीच नावे इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली. परिणामी आजोबांच्या जन्मनोंदीतले नाव आणि जमिनीच्या कागदावरचे नाव जुळत नाही, आणि ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र नातवंडांना करावे लागते. सीमेपलीकडे बेळगावात मराठी घरांना कन्नड लिपीचीही भर पडते. ती लिपी ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळते, म्हणून तेथे तर अनिश की अनीश याचा निकाल सुरुवातीलाच लावावा लागतो.

राशीचे अक्षर

सारख्या नावांची गर्दी होण्याचे एक कारण नक्षत्राच्या चरणाक्षरांत आहे. पंचांगातील अवकहडा चक्र प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरे देते. रोहिणीला ओ, वा, वी, वू. स्वातीला रू, रे, रो, ता. स्वातीच्या दुसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलासाठी 'रे'ने सुरू होणारे अर्थपूर्ण संस्कृत नाव शोधू गेले तर हाती फार थोडे लागते, आणि मग रेयांशसारखी नावे घडवली जातात. वास्तविक याचे उत्तर परंपरेतच आहे. जन्मनाव आणि व्यवहारातले नाव वेगळे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार आहे. जन्मनाव पत्रिकेत राहते, हाक दुसऱ्या नावाने मारतात. आर्द्रा नक्षत्राच्या एका चरणाला तर ङ हे अक्षर आहे आणि हस्ताच्या एका चरणाला ण. त्या चरणांवर जन्मलेली मुलेही नावाविना राहिलेली नाहीत.

घरातली दुसरी नावे

थोरला अर्णव असेल तर धाकट्याला आरव किंवा अथर्व ठेवण्याचा मोह होतो. लहानपणी ते शोभते. एकाच्या नावाची हाक दोघांनी ओ देऊन ऐकणे हा त्यातला गमतीचा भाग. कागदपत्रांत गंमत राहत नाही. जुळ्यांच्या बाबतीत विशेष जपावे. त्यांची जन्मतारीख एक, वडिलांचे नाव एक, आडनाव एक, पत्ता एक. वेगळे असते ते फक्त नाव. तेही एका अक्षराने वेगळे असेल, तर दवाखान्यातील एकाचा कागद दुसऱ्याच्या फाईलमध्ये जाण्यास वेळ लागत नाही. जुळ्यांना यमक हवेच असेल तर ते शेवटी असावे आणि आरंभीची अक्षरे दूरची असावीत. आपल्याकडच्या देवांनी तशी सोय करून ठेवली आहे. फोंड्याच्या परिसरात मंगेश आणि नागेश ही दोन्ही देवस्थाने शेजारी आहेत, नावे कानाला जवळची आहेत, तरीही दोघांना मारलेली हाक कधी चुकत नाही.

नाव आवडले की ते अंगणातून मोठ्याने हाक मारून पाहावे. अमोघ, सौरभ, पार्थ यांतला शेवटचा महाप्राण रोजच्या बोलण्यात पुसट होतो. अमोग, सौरब, पार्त असे ऐकू येते. ते चालणार असेल तर पुढे जावे.

नोंदणीपूर्वी

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. पण त्या वेळी नाव ठरलेले असलेच पाहिजे, असे बंधन नाही. नावाविना जन्मनोंद होते आणि पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा दोन नावांत मन अडले असेल तर रुग्णालयाच्या अर्जावर घाईने एक लिहून मोकळे होण्याची गरज नाही. बारसे बाराव्या दिवशी होवो, कागदावरचे नाव महिनाभराने गेले तरी चालते.

एकदा नाव नोंदले की मात्र वाट अरुंद होते. कायद्यातील दुरुस्तीची तरतूद चुकीच्या नोंदीसाठी आहे. विहान लिहिले आणि नंतर विवान आवडू लागले, तर ती चूक ठरत नाही. नाव बदलायचे झाल्यास गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा असून त्यातील रीतसर प्रक्रिया पार पाडावी लागते. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पारपत्र, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मदाखला हाच जन्माचा आधार धरला जातो. दाखल्यावर जे अक्षर पडेल ते या सर्व ठिकाणी जाईल.

अर्थ तपासण्यासाठी दूर जावे लागत नाही. गोव्याला लागून असलेल्या सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश हे तिन्ही महाजालावर विनामूल्य पाहता येतात. संस्कृत कोशात शब्द मूळ रूपात शोधावा: श्रेयस नव्हे श्रेयस्, विवस्वान नव्हे विवस्वत्. नाव सापडले की ते देवनागरीत व रोमनमध्ये, ऱ्हस्व-दीर्घासह, एका कागदावर ठळक लिहून तोच कागद नोंदणीच्या वेळी पुढे करावा. तोंडी सांगू नये. दाखल्याची प्रत हाती पडली की खिडकीपासून दूर होण्याआधी दोन्ही लिप्यांतील नाव अक्षर न् अक्षर लावून वाचावे.